पंधरा दिवसांचा पगार

पंधरा दिवसांच्या पगारात माणूस नवीन काय शिकेल? चेष्टा नाही, कायद्यात तसं लिहिलंय. २१ नोव्हेंबर २०२५ला नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेच्या ८३व्या कलमात कामगारांना नव्याने कौशल्य शिकता यावं म्हणून एक निधी आहे. ज्या कामगाराची कपात होईल, त्याच्या शेवटच्या पगाराच्या हिशेबाने पंधरा दिवसांची रक्कम मालकाने त्यात भरायची, आणि कपातीपासून ४५ दिवसांच्या आत ती कामगाराच्या खात्यात जमा व्हायची. सेवेच्या दर वर्षामागे पंधरा दिवस ही नुकसानभरपाई जुनीच आहे, ती वेगळी. हे वरचे पंधरा दिवस शिकण्यासाठी.

कलमात वर्ग नाही, मास्तर नाही, कुठला धंदा शिकायचा त्याचा उल्लेख नाही. आहेत ते फक्त पैसे. एका अर्थाने मला ही त्यातली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते. वाईट वर्गात बसवण्यापेक्षा माणसाच्या हातात पैसे दिलेले बरे, निदान त्या महिन्याचं घरभाडं तरी निघेल. पण मग त्याला शिक्षण कशाला म्हणायचं? आणि कपात झाली असं म्हणायचं तरी कोणाला? स्वेच्छानिवृत्ती घेतली तर ती कपात नाही. मुदतीच्या करारावर घेतलेल्या माणसाची मुदत संपली, तर तीही कपात नाही. मुंबईत माझ्या पाहण्यातल्या बहुतेकांच्या नोकऱ्या या दोन मार्गांनीच गेल्या. माझ्या बाबांची पहिल्या मार्गाने गेली.

बाबा विणकर होते. संगमेश्वर तालुक्यातून वयाच्या अठराव्या वर्षी आले, डिलाइल रोडला गाववाल्यांच्या गाळ्यात वळकटी टाकली आणि मामांच्या ओळखीने गिरणीत शिरले. साचेखात्यात, म्हणजे जिथे कापड विणायचे माग चालत तिथे. शिरले म्हणजे नोकरी लागली असं नाही. आधी मामांच्या साच्याजवळ उभं राहून बघायचं. धोटा कसा जातो, त्यातली सुताची कांडी केव्हा संपत आली हे आवाजावरून कसं ओळखायचं, तुटलेला धागा साचा जास्त वेळ न थांबवता कसा सांधायचा. मामा जेवायला गेले की साच्यावर हात. मुकादमाने पाहिलं न पाहिलंसं करायचं. मग बदलीचा बिल्ला. रोज पाळीच्या वेळेला दारात जाऊन उभं राहायचं. आज कोणी कायमचा कामगार आला नसेल तर काम, नाहीतर परत गाळ्यात. बदली म्हणून किती वर्षं काढली ते बाबा कधी नीट सांगत नसत. त्यांच्या लेखी तो गिरणीचाच काळ होता.

त्या आवाजात काही ऐकू येत नसे, म्हणून साचेवाले एकमेकांचे ओठ वाचत. बाबांची ती सवय शेवटपर्यंत गेली नाही. आम्ही काही सांगायला लागलो की ते डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघायचे. शाळेत असताना मला वाटायचं, मी खोटं बोलतेय का ते तपासताहेत.

गिरणीधंद्यासाठी सुसज्ज शिक्षणाची सोय मुंबईत नव्हती असं नाही. व्हीजेटीआय ही तंत्रशिक्षणाची संस्था १८८७ सालची, आणि ती उभी राहिली तीच गिरणीधंद्याला जाणकार माणसं हवी म्हणून. गिरणीमालकांच्या देणग्या होत्या तिला. पण तिथून बाहेर पडायचे ते मास्तर, सुपरवायझर, पुढे इंजिनिअर. विणकर मात्र विणकरानेच घडवला. मामाने भाच्याला, भावाने भावाला. या पद्धतीची फार आरती ओवाळू नये. तिच्यात मुकादमाचा हात ओला करावा लागे, जात चाले (साचेखात्यात कोणाला घ्यायचं आणि कोणाला नाही हा गिरणगावातला जुना, लाजिरवाणा विषय आहे), आणि बाईला त्या खात्यात शिरकाव जवळजवळ नव्हता. पण एक गोष्ट तिच्यात सरळ होती. आधी जागा दिसत होती, मग शिकणं. साचा समोर होता. तो शिकलास तर त्याच्यावर उभा राहशील, एवढा साधा व्यवहार.

पुढे सरकारने विस्थापित कामगारांसाठी ज्या ज्या योजना काढल्या, त्यांत हा क्रम उलटा झाला. आधी शिक, मग बघू.

१८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी पाळण्यात होते. अडीच लाखांच्या आसपास माणसं संपावर. संपाबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, मी त्यात भर घालत नाही. फक्त एवढंच, की संप कधी रीतसर मागे घेतला गेला नाही, आणि म्हणून अनेकांची नोकरी नेमकी कुठल्या तारखेला गेली याचंही उत्तर मिळत नाही. ज्याची नोकरी गेल्याची तारीखच नाही, त्याला योजनेच्या फॉर्मवर काय लिहायला सांगणार?

हा प्रश्न पुस्तकी नव्हता. केंद्र सरकारने १९८६च्या सप्टेंबरात कापड कामगारांसाठी पुनर्वसन निधी योजना आणली. बंद पडलेल्या खासगी गिरणीतल्या कामगाराला पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० टक्के, तिसऱ्या वर्षी २५ टक्के. कागदावर वाईट नाही. तीन वर्षांत माणसाने सावरावं, दुसरं काही शोधावं, आणि आधार हळूहळू काढून घ्यावा, अशी कल्पना. स्वतःचा धंदा सुरू केला तरी मदत चालू राहील, अशी त्यात समजूतदार सोयही होती. पण त्यासाठी गिरणी कायमची बंद झाल्याचं कागदावर असायला हवं. मुंबईतल्या कितीतरी गिरण्या बंदही नव्हत्या आणि चालूही नव्हत्या. एखादं खातं सुरू, बाकी अंधार. संपानंतर ज्यांना परत घेतलंच नाही, त्यांची गिरणी तर दुसऱ्यांसाठी चालूच होती. ७५, ५०, २५ हे आकडे आमच्या चाळीत फारशा कोणाच्या घरात पोचले नाहीत.

बाबांचं नशीब थोडं बरं. १९८३ला सरकारने मुंबईतल्या १३ गिरण्यांचा कारभार ताब्यात घेतला, त्यांपैकी एकीत त्यांना परत घेतलं. आणखी जवळजवळ वीस वर्षं ते विणकर राहिले. मात्र साचे तेच राहिले, नवे आले नाहीत. भिवंडीचे यंत्रमाग स्वस्तात कापड काढत होते, आणि सरकारी गिरणीत पगार वेळेवर होतो यावर लोक समाधान मानत होते.

१९९१ आलं. नवं आर्थिक धोरण, आणि त्याच्या मागोमाग फेब्रुवारी १९९२मध्ये राष्ट्रीय नूतनीकरण निधी. नाव भारदस्त होतं. उद्देशही सांगताना नीट सांगितले होते: उद्योग बदलतील, माणसं मोकळी होतील, त्यांना नुकसानभरपाई द्यायची, नव्याने शिकवायचं, दुसरीकडे लावून द्यायचं. मुंबई, अहमदाबाद, कानपूर, इंदूर, कलकत्ता अशा जुन्या गिरणीशहरांतून प्रशिक्षण सुरूही झालं. पण निधीतला बहुतेक पैसा गेला तो सार्वजनिक उद्योगांतल्या स्वेच्छानिवृत्तीवर. माणूस बाहेर काढायला पैसा लागला तो मिळाला, बाहेर काढलेल्याला उभं करायला उरला तो चहापाण्यापुरता. जुलै २०००मध्ये तो निधी बंद केला गेला. त्यानंतर २००१-०२पासून केंद्रीय सार्वजनिक उद्योगांतल्या स्वेच्छानिवृत्तांसाठी समुपदेशन, पुनर्प्रशिक्षण आणि पुनर्नियुक्ती अशी तीन कलमी योजना आली. त्या तिसऱ्या शब्दावर मी अजून अडते. पुनर्नियुक्ती! कुठे? कोणाकडे? ज्या शहरात नोकऱ्या देणारे कारखानेच ठाण्याच्या पलीकडे, वापीला, सिल्वासाला निघाले होते, तिथे नियुक्ती करणार कोण?

बाबांनी २००२ला हिशेब घेतला. वय ५३. ‘व्हीआरएस घेतली’ असं चाळीत म्हणत, जणू कुठली वस्तू घेतली. घेतली की दिली, हे ज्याचं त्याला माहीत होतं. रक्कम बँकेत गेली, त्यातून ताईच्या लग्नाचं कर्ज फिटलं, गावच्या घराचा पाखा झाला. आणि मग एक पत्र आलं, की आपल्यासाठी मोफत प्रशिक्षण आहे, आवडीचा विषय निवडा. पंखा आणि मोटर रिवाइंडिंग, प्लंबिंग, घरगुती उपकरणं दुरुस्ती, शिवणकाम, संगणकाची ओळख. बाबांनी रिवाइंडिंग निवडलं. का, विचारलं तर म्हणाले, “त्यात गुंडाळायचं असतं.”

वर्ग चालवणारी संस्था कुठली ते सांगत नाही, तिचा तसा दोषही नाही. शिकवणारा मुलगा आयटीआय करून आलेला, पंचविशीचा, मनापासून शिकवणारा. समोर पन्नाशीतली माणसं. तो त्यांना काका म्हणायचा, ते त्याला सर म्हणायचे. बाबा घरी येऊन सगळं आईला सांगत, म्हणून मलाही ठाऊक. जुन्या मोटरची जळलेली तार काढायची, वेढे मोजायचे, खाचांत कागद बसवायचा, मग एनॅमलच्या तारेच्या कॉइल करून घालायच्या, शेवटी व्हार्निश. पहिल्या दिवशी सरांनी सांगितलं, वेढा वेढ्यावर चढला, एनॅमल खरवडलं, की मोटर जळणार. हात बसायला वेळ लागेल. या लोकांचा हात बसायला वेळ लागला नाही. आयुष्यभर ज्यांनी धाग्याचा ताण बोटांनी ओळखला, त्यांना तांब्याची तार काय जड? बाबांच्या कॉइल सर बाकीच्यांना दाखवायचे. त्या वर्गाबद्दल बोलताना बाबांच्या चेहऱ्यावर जे येई, ते गिरणीच्या शेवटच्या वर्षांत मी पाहिलं नव्हतं. शिकणं वाया गेलं असं मी म्हणणार नाही ते याचसाठी.

प्रमाणपत्र मिळालं. बाबा ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून लालबागला एका वाइंडिंगच्या दुकानात गेले. दुकानदार ओळखीचा, चांगला माणूस. त्याने करून दाखवायला सांगितलं, बाबांनी करून दाखवलं. तो म्हणाला, “काका, हात फार चांगला आहे तुमचा. पण हे पोरगं बघा. हे वाइंडिंग करतं, दुकान झाडतं, चहा आणतं, शिडीवर चढून पंखा बसवून येतं. तुम्हाला मी चहा आणायला कसा सांगू?”

मला वाटतं, पुनर्प्रशिक्षणाबद्दलचे सगळे अहवाल या वाक्यापाशी अडखळतात. बाबांकडे कौशल्याची कमतरता नव्हती. आधीही नव्हती, वर्गानंतर तर मुळीच नव्हती. कमी होती ती जागा, आणि वय जास्त होतं. कोणालाही पन्नाशीतला नवशिक्या नको असतो. पैशाचा प्रश्न नंतरचा, आधी संकोच आडवा येतो. हाताखालच्या माणसाला अरेतुरे करता आलं पाहिजे, हे आपल्या बाजारातलं न लिहिलेलं पात्रतेचं कलम आहे.

काही महिन्यांनी बाबा दादरच्या एका सोसायटीत रात्रपाळीचे वॉचमन झाले. त्यासाठी वर्ग लागला नाही, गाववाल्याची ओळख लागली. तीच मामांवाली पद्धत. फरक इतकाच की या वेळी शिकण्यासारखं काही नव्हतं.

समुपदेशन-पुनर्प्रशिक्षणाच्या त्या तीन कलमी योजनेत पुढे २००७ला एक सुधारणा झाली. निवृत्त कामगाराला स्वतःला शिकायचं नसेल तर त्याच्यावर अवलंबून असलेल्या एकाला शिकवता येईल. शासननिर्णयाची भाषा कोरडी असते, पण या एका ओळीत कबुली आहे. पन्नाशीचा माणूस वर्गाला येत नाही, आला तर त्याला कोणी घेत नाही, तेव्हा त्याच्या पोराला पाठवा. ही ओळ १९९२लाच लिहिली असती तर गिरणगावातल्या एका अख्ख्या पिढीला, नाक्यावर उभं राहणाऱ्या पोरांना, काहीतरी हाती लागलं असतं. त्यांतल्या काहींना दुसऱ्यांनी कामाला लावलं, आणि ते काम काय होतं हे मुंबईच्या पोलीस ठाण्यांना चांगलं माहीत आहे.

गिरण्यांच्या जमिनींचा प्रसिद्ध नियम ५८ सगळ्यांना ठाऊक असतो तो महापालिका, म्हाडा आणि मालक यांच्यातल्या एक तृतीयांशच्या वाटणीसाठी. १९९१चा मूळ नियम, २००१ला त्यात केलेला फेरफार, मग वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची, आणि मार्च २००६ला सर्वोच्च न्यायालयाने त्यावर केलेलं शिक्कामोर्तब. पण त्याच नियमात खाली आणखी एक पोटकलम आहे, ज्याची चर्चा कमी झाली. गिरणी दुसरीकडे हलवली किंवा मालकाने त्या जागी वेगळा उद्योग काढला, तर १ जानेवारी २०००ला कामावर असलेल्या कामगाराला किंवा त्याच्या घरातल्या किमान एकाला तिथे अग्रक्रमाने नोकरी द्यायची. आणि त्यासाठीचं प्रशिक्षण भरतीच्या आधी मालकाने पूर्ण करायचं. बघा, क्रम इथे सरळ आहे! जागा आधी ठरलेली, शिकवण्याची जबाबदारी जागा देणाऱ्याची, आणि शिकणारा घरातला तरुणही चालेल. सबंध प्रकरणात इतकं शहाणपणाचं कलम मला दुसरं दिसलं नाही. फक्त त्यात एक शेपूट होतं: कामाला लागणारी पात्रता किंवा कौशल्य ज्याच्याकडे असेल त्याला. त्या शेपटाला धरून अख्खं कलम बाहेर ओढता येतं, हे सांगायला वकील लागत नाही. आणि पुढे त्या जमिनींवर जे उभं राहिलं त्यातलं बरंचसं भाड्याने दिलेली दुकानं आणि कचेऱ्या. तिथला मालक कोण आणि उद्योग कोणाचा, इथूनच वाद सुरू.

या सगळ्यात मी आईबद्दल काहीच बोलले नाही. योजनांमध्येही तिच्याबद्दल काही नव्हतं, त्यामुळे राहून गेलं असावं.

आई आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत गाववाल्यांची खानावळ चालवायची. महिन्याच्या पैशावर दोन वेळचं जेवण. गिरणगावात अशा बाया घरोघरी होत्या, आणि लाखभर एकट्या पुरुषांचं पोट त्यांच्यावर चाले. गिरणीच्या हिशेबात त्या कामगार नव्हत्या, पण पाळी बदलली की त्यांचीही पाळी बदले. संपात जेवणारे गावाला गेले, जे राहिले त्यांच्याकडे द्यायला पैसे नव्हते. विणकराचा पगार थांबला तो एक. आईचे दहा-बारा पगार एकदम थांबले, शिवाय उधारीवर धान्य आणून जेवू घालणं चालूच. कारण जेवायला येणाऱ्याला पैसे नाहीत म्हणून उठवायचं कसं?

प्रेमा पुरव यांनी १९७५ला अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं ते अशाच बायांसाठी. गट करायचा, एकमेकींना जामीन राहायचं, आणि सावकाराऐवजी राष्ट्रीयीकृत बँकेकडून कर्ज घ्यायचं. स्वयंपाक त्यांना कोणी शिकवायला नको होता. शिकवायचं होतं ते पासबुक, हप्ता, सही, बँकेच्या साहेबाच्या टेबलासमोर खुर्चीवर बसणं. अन्नपूर्णाने ते शिकवलं, आणि शिकवताना त्यांचा धंदा एक दिवस बंद ठेवायला लागला नाही. माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं पुनर्प्रशिक्षण म्हणजे आईचं. खानावळ मोडली तेव्हा तिने पोळीभाजीचे डबे सुरू केले, मग नुसत्या पोळ्या, मग कचेऱ्यांना श्रावणातलं आणि गणपतीतलं. दर वेळी गिऱ्हाईक आधी, शिकणं मागून. मोदकाची उकड बिघडली तर घरी खायची. वर्ग नाही, हजेरी नाही. सरकार दरबारी तिची नोंद ‘गृहिणी’. २००२मध्ये बाबा प्रमाणपत्र घेऊन दुकानं हिंडत होते तेव्हा घर तिच्या पोळ्यांवर चालत होतं. प्रशिक्षणाच्या काळात कामगाराच्या घरी चूल कोण पेटती ठेवतं, याचा कॉलम कुठल्याच अर्जात नसतो. मुंबईत तो कॉलम बायकांनी भरला.

हे फक्त आपल्याकडचं गबाळेपण आहे असं समजायचं कारण नाही. अमेरिकेत १९६२ला केनेडींच्या काळात एक योजना आली: परदेशी मालामुळे ज्याची नोकरी जाईल त्याला भत्ता आणि प्रशिक्षण. व्यापार खुला करायचा तर ज्याचं नुकसान होईल त्याला सांभाळलं पाहिजे, हा उघड सौदा. अटी अशा की १९६९पर्यंत कामगारांचा एकही अर्ज मंजूर झाला नाही. १९७४ला अटी सैल केल्या, मग हजारो पोलाद, मोटार आणि कापड कामगार त्यातून शिकले. शिकत असताना घर चालावं म्हणून भत्ता, तो पुढे एकूण १३० आठवड्यांपर्यंत मिळू शकायचा. आपल्या पंधरा दिवसांपुढे हे स्वप्नवतच. तरीही २०१२च्या एका मोठ्या सरकारी मूल्यमापनात दिसलं, की नोकरी गेल्यानंतर चार वर्षांनी योजनेतले लोक सरासरीने, योजनेबाहेर राहून पटकन मिळेल ते काम धरणाऱ्यांपेक्षा कमी कमावत होते. अर्थात, जितका काळ ते वर्गात होते तितका काळ दुसरे कामावर होते. नंतरच्या अभ्यासांनी जास्त आशादायी चित्रही काढलं. वाद चालू आहे. पण पन्नाशीच्या माणसाची गोष्ट वेगळी. त्याला वर्ग लागू पडत नाही, हे तिथल्या संसदेलाही २००२मध्ये उमगलं, आणि त्यांनी एक निराळी गोष्ट केली. पन्नाशीच्या वरच्या माणसाने कमी पगाराची का होईना दुसरी नोकरी लगेच धरली, तर जुन्या आणि नव्या पगारातल्या फरकाचा अर्धा भाग सरकार भरेल, दोन वर्षांत मिळून जास्तीत जास्त १०,००० डॉलर.

हे वाचलं तेव्हा मी बाबांचा हिशेब मांडून पाहिला. विणकराचा पगार आणि वॉचमनचा पगार, त्यातला फरक, त्याचा निम्मा. आकडा मोठा येत नाही. आई पहाटे पोळ्या लाटायची त्यांतल्या अर्ध्या कमी करता आल्या असत्या एवढाच येतो. अमेरिकेची ती सगळी योजनाच १ जुलै २०२२पासून नव्या अर्जांना बंद आहे; संसदेने मुदत वाढवली नाही. तिथेही सौद्यातला पहिला भाग, खुला व्यापार, वर्षानुवर्षं टिकला आणि दुसऱ्याची मुदत संपली.

आणि आता माझी पिढी. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना जुलै २०१५ला सुरू झाली, तिची चौथी आवृत्ती २०२५-२६पर्यंत मंजूर होती. अल्पमुदतीच्या वर्गांना वयाची अट १५ ते ४५. म्हणजे मी बाद. आधीच्या आवृत्त्यांत चालवणाऱ्या केंद्राला पैसे हप्त्याने मिळत, आणि त्यातला काही भाग शिकलेल्याला नोकरी लागण्याशी जोडलेला असे. हे वाचायला रास्त वाटतं, पण केंद्रचालकाच्या जागी बसून बघा. समोर बावीस वर्षांचा मुलगा आणि चव्वेचाळीस वर्षांचा नोकरी गेलेला माणूस, जागा एक. तुम्ही कोणाला घ्याल? योजनेचा दुसरा भाग आहे तो मात्र मला आवडतो. आधीपासून जे येतं त्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायचं, त्याला वयोमर्यादा ५९. बाबांना असं कोणी विचारायला हवं होतं: तुम्हाला काय शिकवू यापेक्षा, तुम्हाला काय येतं? धाग्याचा ताण ओळखता येतो, आवाजावरून यंत्राचं दुखणं कळतं, रात्रपाळीत डोळा लागत नाही, गोंगाटात ओठ वाचता येतात. यातलं काय कुठे लागेल, हे शोधणं सरकारचं काम. ते कामगारावर ढकलून त्याच्या हातात विषयांची यादी देणं सोपं पडतं.

२०२५च्या जुलैत टीसीएसने बारा हजारांहून जास्त माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं, मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतली. त्यांच्या प्रमुखांनी सांगितलेलं कारण लक्षात राहण्यासारखं होतं: हे कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे नाही, जिथे कौशल्याचा मेळ बसत नाही, जिथे माणसाला कुठल्या कामावर लावता येत नाही, तिथे हे करावं लागतंय. मी ते दोनदा वाचलं. कामावर लावता न येणं कंपनीचं, आणि मेळ न बसणं माणसाचं, असं ते वाक्य वाटणी करतं. साचे बदलले नाहीत गिरणीने, आणि जुना झाला तो विणकर. तीस वर्षांपूर्वी हे इंग्रजीत कोणी म्हटलं नव्हतं इतकंच.

मी एका विमा कंपनीचे दावे तपासणाऱ्या कार्यालयात काम करते. आमच्याकडे गेल्या दिवाळीपासून मशीन कागद वाचतं आणि आम्ही मशीनने वाचलेलं तपासतो. सगळ्यांना एक ऑनलाइन कोर्स दिलाय, शनिवारी-रविवारी करायचा, डेटा विश्लेषणाचा. हा कोर्स सरकारी नाही, पण भाषा सरकारीच. माझ्या शेजारी बसणारे सावंत (नाव बदललंय) ५१ वर्षांचे आहेत, गुडघे धरून डोंबिवलीहून येतात. त्यांनी मला विचारलं, करू का हा कोर्स? मी म्हटलं, करा, पण आधी एचआरला मेल टाका. विचारा, हा पूर्ण केल्यावर मला कुठला विभाग घेणार, तिथे आत्ता किती जागा आहेत, आणि त्या विभागाच्या साहेबांचं नाव काय. लेखी विचारा.

सावंतांनी विचारलं. माझ्यासमोरच टाइप केलं, मराठी माणसाच्या भिडस्तपणाने तीन वेळा ‘विनंती’ घातली, ती मी खोडायला लावली. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. कोर्सची लिंक होती, आणि त्याखाली ‘हॅपी लर्निंग’.